पोपटमामाचे तीन फेटे

आबांना पाहुणे आठवत नसत. पाहुण्यांचा राग मात्र पक्का आठवे.

हे कसं काय होतं, ते जुईला काही केल्या कळत नव्हतं. रविवारचंच बघा. आबा, म्हणजे जुईचे आजोबा सर्जेराव सरनोबत, झोपाळ्यावर बसून मजेत शेंगा सोलत होते. एक शेंग परातीत, दोन तोंडात, असं चाललं होतं. तेवढ्यात जुईचा पोपटमामा आला. चपला काढायच्या आधीच त्यानं कमरेवर हात ठेवले, मान तिरकी केली आणि विचारलं, "काय आबा, ओळखलंत का? सांगा बघू, मी कोण?"

आबांनी हातातली शेंग खाली ठेवली. "तुमी... वायरमन न्हवं?"

मामा पोट धरून हसला. "हिंट देतो. माझं नाव 'प'वरून आहे."

"पांडबा?"

"चुकलं. पक्षी आहे, पक्षी. हिरवा असतो, पेरू खातो."

आबांच्या कपाळावर घाम आला. समोरचा माणूस हसतोय, म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय, एवढं त्यांना कळत होतं. मामानं आणखी हिंट दिल्या, मग दोन बशा पोहे खाल्ले, आणि "आबांचं आता काही खरं नाही" असं आईच्या कानात, पण अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या हळू सांगून तो निघून गेला.

थोड्या वेळानं जुई आबांजवळ बसली. "आबा, पोपटमामा काय म्हणत होता?"

"कोण पोपटमामा? सकाळधरनं कोण न्हाई आलं."

आबा खोटं बोलत नव्हते. मामा त्यांच्या डोक्यातून साफ पुसला गेला होता. पण शेंगांची परात त्यांनी लांब ढकलली होती, तोंड भिंतीकडे केलं होतं, आणि दुपारी ते जेवलेसुद्धा नाहीत.

"कुणावर रागावलात आबा?"

"ते ठावं न्हाई," आबा म्हणाले. "पर रागावलोय."

आबांना अल्झायमर नावाचा आजार झाला होता. त्यांच्या मदतीला घरात एक यंत्रमानव होता. तोवर कोल्हापुरात बऱ्याच घरांत असे यंत्रमानव आले होते. याचं कंपनीनं ठेवलेलं नाव 'स्मरणसेवक'. डोकं इडलीपात्रासारखं, पोटावर पडदा आणि बोलणं पाठ्यपुस्तकासारखं. आबा रोज सकाळी त्याला नव्यानं बघत आणि रोज नव्यानं त्याचं नाव 'डब्या' असं ठेवत.

डब्याला कंपनीनं दोन गोष्टी शिकवून पाठवलं होतं. आबांची चूक झाली की लगेच दुरुस्त करायची, आणि रोज सकाळी प्रश्न विचारून त्यांच्या मेंदूला व्यायाम द्यायचा.

"आबा, आज कोणता वार आहे?"

"तुला ठावं न्हाई? एवढं लाईट खातोस आन् साधा वार ठावं न्हाई?"

"मला माहीत आहे. मी आपल्याला विचारतो आहे."

"म्हाईत हाय तर मग इचारतोस कशाला?"

यावर डब्याचे कानाजवळचे दिवे नुसते लुकलुकत.

आता आबांची खरी ओळख सांगायला हवी. पेठेत आबांचं फेट्यांचं दुकान होतं. अर्ध्या कोल्हापूरचे नवरदेव आबांच्या हातचा फेटा बांधून बोहल्यावर चढले होते. जुईची मोठी बहीण गार्गीताई तर दूध पीत होती तेव्हापासून सांगत आली होती, की लग्नात मीही फेटा बांधणार आणि तो आबाच बांधणार.

आणि आता ताईचं लग्न ठरलं होतं. पण साखरपुड्याला घोळ झाला.

साखरपुड्याला आलेला प्रत्येक जण आबांसमोर उभा राहिला आणि प्रत्येकानं तेच विचारलं. "ओळखलं का?" "आमाला कसं इसरलात?" "बघा हं, नीट बघा." एका काकूंनी तर तोंडावर पदर धरून, नुसते डोळे दाखवून विचारलं. आबा आधी हसले, मग उठले आणि बाहेर जाऊन नवऱ्याकडच्यांच्या मिनीबसमध्ये बसले. बस सुटली. नवऱ्याकडच्यांना वाटलं, हे आपलेच कोणीतरी. बस थेट इस्लामपूरला पोचली. नवऱ्याच्या आजीनं त्यांना भाकरी-पिठलं वाढलं, झोपायला गादी घातली, आणि इकडे कोल्हापुरात मात्र सगळे मांडवाचे पडदे उचलून आबांना शोधत होते.

त्यानंतर बाबांनी सांगून टाकलं, "लग्नाला आबा घरीच राहतील. डब्या असेल सोबतीला."

"बाबा, तुम्हाला आबांची लाज वाटते का?" जुईनं विचारलं.

"लाज नाही गं," बाबा म्हणाले. "त्यांचे हाल बघवत नाहीत."

गार्गीताईनं आपल्या फेट्याचं जांभळं कापड कपाटातून काढलं, घडी घातलेलंच होतं ते, उलगडून पुन्हा घडी घातली आणि परत ठेवून दिलं. ते बघून जुई तडक डब्याकडे गेली.

"डब्या, आबांना माणूस आठवत नाही. मग त्या माणसाचा राग कसा आठवतो?"

"उत्तम प्रश्न," डब्या म्हणाला आणि पोटावरचा पडदा सुरू केला. पडद्यावर सोललेल्या अक्रोडासारखा मेंदू दिसू लागला. "मेंदूत अब्जावधी चेतापेशी (एकमेकींना निरोप पाठवणाऱ्या पेशी) असतात. अल्झायमरमध्ये या पेशींच्या बाहेर अमायलॉइड (एक प्रकारचं प्रथिन) साचून त्याचे चिकट थर बनतात. पेशींच्या आत टाऊ (दुसरं एक प्रथिन) गुंता करून बसतं. निरोप अडकतात. हळूहळू पेशी मरू लागतात."

"आबांनी काही खाल्लं म्हणून झालं का हे?"

"नाही. यात आबांची काहीच चूक नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे वेड नाही, आणि नुसतं म्हातारपणही नाही. चष्मा कुठे ठेवला हे कोणीही विसरतं. चष्म्याचं करायचं काय, हेच कळेनासं झालं तर मात्र डॉक्टरांकडे जायला हवं."

मग डब्यानं मेंदूच्या आतला एक वाकडा भाग उजळवला. तो थेट समुद्रघोड्यासारखा दिसत होता. "हा हिप्पोकॅम्पस (नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग). बहुतेकांमध्ये आजार या भागाला फार लवकर गाठतो. म्हणून नवं टिकत नाही, आणि जुनं पुष्कळ दिवस टिकतं."

जुई फेटेवाल्याची नात होती. तिनं विचार केला. फेट्याचा वेढा घेतला आणि टोक खोचलं नाही, तर मान हलवताच सगळं सुटून खांद्यावर येतं. "म्हणजे हा समुद्रघोडा आठवणी खोचणारा आहे. आबांचा खोचणारा आजारी आहे. सकाळचा चहा, मामाचं नाव, सगळे वेढे सुटतात. पण पूर्वी घट्ट खोचलेले वेढे तसेच आहेत."

डब्याचे दिवे भराभर लुकलुकले. "हे माझ्या माहितीत नव्हतं. पण बरोबर आहे."

"आणि राग?"

डब्यानं समुद्रघोड्याच्या तोंडापाशी बदामाएवढा ठिपका दाखवला. "हा अमिग्डाला (भीती, राग, आनंद अशा भावनांशी संबंधित भाग). भावना जपायला वेगळी यंत्रणा आहे. घडलेली गोष्ट निसटली, तरी त्या गोष्टीनं आलेला राग किंवा आनंद बराच वेळ रेंगाळू शकतो."

"म्हणजे ठेचा खाल्ला, काय खाल्लं ते विसरलं, पण तोंड पोळलेलं राहिलं, तसं."

"तसंच," डब्या म्हणाला. मग त्यानं पोटावरचा पडदा बंद केला. "जुई, मी रोज सकाळी आबांना वार विचारतो."

"हो."

"म्हणजे रोज सकाळी मी त्यांना ठेचा भरवतो."

"हो रे डब्या."

"मी कंपनीला कळवतो," डब्या म्हणाला. इडलीपात्राला शरमिंदं होता येत असेल, तर तो तेव्हा झाला होता.

पण नुसतं वाटून काय उपयोग? वाटलेलं तपासून बघायला हवं. त्याला प्रयोग म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यानं वार विचारला नाही. "नमस्कार आबा, आज सोमवार," एवढंच म्हणाला. जुईनं चहाचा कप पुढे केला आणि म्हणाली, "आबा, मी जुई. तुमची धाकटी नात. चहा आणलाय, आलं घालून."

"जुई व्हय! ये, ये," आबा म्हणाले. म्हशीनं एका नवरदेवाचा तुरा खाल्ला होता, ती गोष्ट त्यांनी चहा पिताना तिला सांगितली.

अर्ध्या तासानं जुईनं खिडकीतून पाहिलं. आबांना चहा आठवत नव्हता, जुई येऊन गेली हेही आठवत नव्हतं. पण ते झोपाळ्यावर पाय हलवत शीळ घालत होते, आणि शेंगा भराभर सोलल्या जात होत्या. दोघांनी हे बरेच दिवस करून पाहिलं. नाव आपणच सांगितलं की शीळ, ओळखायला लावलं की भिंत. जवळजवळ प्रत्येक वेळी तेच.

जुईनं बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, पण मान हलवली. "घरचे चार लोक शिकतील गं. लग्नाला अख्खा गोतावळा येणार. त्यांना कोण शिकवणार?"

"मी आणि डब्या."

बाबांनी झोपाळ्याकडे पाहिलं. तिकडून शीळ ऐकू येत होती. "बरं," ते म्हणाले. "पण आबा भिंतीकडे तोंड करून बसले, की डब्या त्यांना लगेच घरी आणणार. मग रडायचं नाही."

लग्नाच्या सकाळी जुईनं कार्यालयाच्या दाराशी मोठा फलक लावला. 'कृपया आबांना "ओळखलंत का" असं विचारू नये. आपलं नाव आपणच सांगावं.' आत डाव्या हाताला आबांची खुर्ची, समोर एक स्टूल आणि बाजूला रंगीत कापडांचा ढीग. आबांनी कापडावरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला.

पहिले आले ते बाबांचे चुलते. त्यांनी फलक मोठ्यानं वाचला, "छान, छान, गरज होती याची," असं म्हणाले, आणि आत जाऊन आबांना म्हणाले, "सर्जेराव, लोक काय बी इचारत्यात बघ. पर मला तर ओळखलास न्हवं?"

त्यांच्यामागून आलेल्या मावशीही फलक वाचून म्हणाल्या, "हे बाहेरच्यांसाठी असेल," आणि थेट आबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. फलक दुसऱ्यांसाठीच असतो, यावर आपल्याकडे सगळ्यांचं एकमत आहे.

आबांच्या कपाळावर घाम दिसू लागला. त्यांनी कापड खाली ठेवलं आणि खुर्ची थोडी भिंतीकडे वळवली. लांबून बाबांनी डब्याकडे बघितलं.

"डब्या, काहीतरी कर," जुई कुजबुजली. "त्यांना कळतच नाही कसं वाटतं ते."

"कळत नसेल, तर प्रयोग करायला हवा," डब्या म्हणाला आणि जाऊन दारात आडवा उभा राहिला.

आता दारात पोपटमामा होता, नव्या कडक जाकिटात. डब्यानं कमरेवर हात ठेवले, इडलीपात्र तिरकं केलं आणि पाठीमागच्या एका बाईंकडे बोट दाखवलं. "काय मामा, ओळखलंत का यांना? सांगा बघू, या कोण?"

मामानं मागे पाहिलं. हसला. "म्हणजे काय! या आपल्या... ह्या. कशा आहात? बरं आहे ना सगळं?"

"नाव सांगा."

"चेहरा ओळखीचा आहे हो."

"हिंट देतो. 'स'वरून."

"सुमन? सुनंदा? सरला?" मामाच्या जाकिटाची कॉलर भिजली. रांग थांबली. सगळे मामाकडे बघू लागले, त्या बाई तर सगळ्यांत जास्त.

"या आपल्या सख्ख्या चुलत बहीण, शकुंतलाबाई," डब्या म्हणाला. "'श'वरून. हिंट मी मुद्दाम चुकीची दिली. आपणही आबांना चुकीचीच दिली होतीत. हल्लीचे पोपट पेरू खात नाहीत, आपण पोहे खाता."

रांगेत हशा पिकला. मामाला मात्र जमिनीत शिरावंसं वाटलं. "अरे, चारचौघांत असं विचारतात का?" तो म्हणाला. आणि म्हणता म्हणता थांबला. त्यानं आत बघितलं. खुर्ची भिंतीकडे वळवून आबा बसले होते.

"मामा, तुला हे सगळं उद्या आठवेल," जुई हळूच म्हणाली. "आबांना आठवणार नाही. त्यांना नुसतं आत्ता तुला जे वाटतंय, तेवढं उरतं."

डब्यानं कोणालाच सोडलं नाही. प्रत्येकाला मागच्या माणसाचं नाव विचारलं. आणि काय निघालं म्हणता? वर्षानुवर्षं एकमेकांच्या लग्नांत जिलेबी खाणाऱ्या या गोतावळ्यात निम्म्या लोकांना निम्म्यांची नावंच माहीत नव्हती. "चेहरा ओळखीचा आहे" यावरच सगळं भागत होतं. घाम पुसत पुसत माणसं आत आली, आणि आता प्रत्येक जण आबांपुढे वाकून घाईघाईनं म्हणू लागला, "आबा, मी शकुंतला, पोपटची चुलत बहीण." "आबा, मी हिंदुराव, तुमचा धाकटा चुलतभाऊ."

आबांची खुर्ची हळूहळू परत माणसांकडे वळली. "हिंदू व्हय? बस की. आन् डोकं असं बोडकं का?" त्यांनी ढिगातलं एक कापड उचललं.

तेवढ्यात पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. नवऱ्याकडच्यांनी फेट्यांसाठी भाड्यानं यंत्र आणलं होतं. डोकं आत घाला, बटण दाबा, फेटा तयार. पण नवऱ्याच्या काकांना ऐन वेढ्यात शिंक आली. यंत्रानं काकांचा चष्मा गुंडाळला, मग कान गुंडाळला, मग खुर्चीची पाठ. यंत्र बंद करायचं बटणही आता फेट्याच्या आतच कुठेतरी होतं. काका आणि खुर्ची अशी एकत्रच बाहेर काढावी लागली. नवऱ्यानं त्या यंत्रात डोकं घालायला साफ नकार दिला. मुहूर्त जवळ आला होता, आणि नवरदेवाचं डोकं उघडंच.

नवरा, अनिश, आबांसमोर येऊन उभा राहिला. घाबरलेला होता बिचारा. सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "आबा, ओळ..."

अख्ख्या मांडवानं श्वास रोखला. मामानं तर डोळेच मिटले.

अनिशनं हात जोडले. "आबा, मी अनिश. आज माझं गार्गीशी लग्न आहे. माझा फेटा बांधाल का?"

"गार्गीचं लगीन? अरं वा!" आबा म्हणाले. "बस."

त्यांनी कापडाचं टोक दातात धरलं, उरलेलं हातावर घेतलं आणि वेढे सुरू झाले. एकावर एक, तिरपे, चापूनचोपून. आबा कापडाकडे बघतसुद्धा नव्हते, अनिशला म्हशीची गोष्ट सांगत होते. तुरा उभा राहिला, मागे पाठीवर लोंबता शेमला सुटला, शेवटचं टोक आत गेलं. फेटा बघून नवऱ्याच्या काकांनीही, खुर्चीसकट, मान डोलावली.

"डब्या, हे कसं आठवलं त्यांना?" बाबांनी विचारलं.

"ही क्रियास्मृती (करून करून अंगवळणी पडलेली आठवण). सायकल चालवणं, पोहणं, फेटा बांधणं. ती मेंदूत निराळ्या ठिकाणी असते, आजार तिथे पुष्कळदा उशिरा पोचतो. पुढे कदाचित हेही सुटेल. आज सुटलेलं नाही."

मग गार्गीताई आली. जांभळं कापड तिनं स्वतःच आबांच्या हातात दिलं. "आबा, मी गार्गी. आज माझं लग्न आहे."

"गार्गीचं लगीन? अरं वा!" आबा पुन्हा तितक्याच आनंदानं म्हणाले. त्यांनी तिचा फेटा बांधला, लांब होऊन बघितला, एक वेढा उलगडून परत बांधला. मंगलाष्टकांच्या आधी त्यांनी ताईला चारदा विचारलं, लग्न कुणाचं. तिनं चारदा सांगितलं, आणि चारही वेळा आबांना तेवढाच आनंद झाला. मांडवात बाकी सगळ्यांना तो एकदाच मिळाला.

आणि पोपटमामा? त्याच्यावर त्या दिवशी असा काही परिणाम झाला होता, की आबांना 'नाही' म्हणायचंच नाही असं त्यानं ठरवलं होतं. त्याचा एक फेटा बांधून झाल्यावर तो पुन्हा आबांसमोरून गेला, तेव्हा आबा म्हणाले, "पाव्हणं, तुमचा फेटा ऱ्हायला." मामा मुकाट्यानं स्टुलावर बसला. "डोकं जरा मोठंच हाय," असं म्हणत आबांनी पहिल्यावर दुसरा बांधला. जेवायला जाताना मामा पुन्हा तिथूनच गेला. तीन फेटे घालून तो भाचीच्या पाठीशी उभा राहिला, तेव्हा फोटोत फक्त त्याचाच तुरा मावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुई धावत झोपाळ्याकडे गेली. "आबा, मी जुई. काल काय झालं, आठवतंय?" तिनं लगेच जीभ चावली. "म्हणजे, काल ताईचं लग्न झालं. तुम्ही सगळ्यांचे फेटे बांधलेत."

"मी? न्हाई बा," आबा म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "जुई, आज कुठला सण हाय का गं?"

"नाही आबा. का?"

"ठावं न्हाई. पर लई बरं वाटतंय."

आणि ते शीळ घालत शेंगा सोलू लागले.

डब्याच्या पडद्यावर कंपनीचा निरोप आला होता. सकाळचे प्रश्न सगळ्याच स्मरणसेवकांमधून काढून टाकणार होते. "जुई," डब्या म्हणाला, "हा आजार पूर्ण बरा करणारं औषध अजून सापडलेलं नाही. सुरुवातीला लक्षात आला तर त्याचा वेग थोडा कमी करणारी औषधं आहेत. शास्त्रज्ञ शोधत आहेत."

"त्यांना सांग, एक जागा रिकामी ठेवा म्हणावं," जुई म्हणाली. "मी दहावी झाले की येते. तो आजारी खोचणारा आहे ना, त्याला मी बघते."

दार वाजलं. पोपटमामा आला होता, मानेला बाम चोळून. चपला काढून तो आबांपुढे आला, वाकला आणि अदबीनं म्हणाला, "नमस्कार आबा. मी पोपट. गार्गीचा मामा."

आबांनी त्याच्याकडे खालून वर बघितलं. चेहरा उजळला.

"पोपट व्हय?" ते म्हणाले. "बस, बस. तुझा फेटा ऱ्हायला."

मामा बसला.